तारीखबाईंचे अकरा शनिवार

एकतीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात शिरस्तेदारी करून तारीखबाई घरी बसल्या, तेव्हा त्यांच्या लेकीला वाटलं होतं, आई आता जरा निवांत होईल. कसलं काय! शिरस्तेदाराचं काम म्हणजे न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसायचं, साक्षीदाराला शपथ द्यायची, दिवसभरात काय काय घडलं ते रोजनाम्यात उतरवायचं आणि आलेल्या माणसाला पुढची तारीख देऊन वाटेला लावायचं. न्याय कुणाला मिळाला, कुणाला नाही, पण तारीख बाईंनी सगळ्यांना दिली. म्हणून त्या तारीखबाई. खरं नाव पेन्शनच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक जाडजूड वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि घराचा रोजनामा सुरू केला. नळाची गळती, किल्ली हरवणं, लेकीचं उशिरा येणं, सगळ्याची नोंद होऊ लागली. नळवाला दोनदा येतो म्हणून आला नाही, तर त्याच्यापुढे ‘पुकारा करूनही गैरहजर’ असा शेरा पडला. बाई माणसांशी खोटं बोलत, चांगल्या सराईतपणे बोलत, त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. पण रोजनाम्यात खोटं अक्षर त्यांनी उभ्या जन्मात लिहिलं नव्हतं. हात आखडायचा म्हणे.

लेकीचा काडीमोड झाला त्याला वर्ष होत आलं होतं. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. मितभाषी माणूस, नखांत कायम काळं ग्रीस, भांडतानासुद्धा आवाज वर न्यायचा नाही, त्यामुळे त्या संसारात भांडणंही धड झाली नाहीत आणि समेटही. कोर्टानं आदेश दिला. पोरीचा ताबा आईकडे, बापानं दरमहा पोटगी द्यायची. चौथ्या परिच्छेदात भेटीचं होतं: बापानं दर शनिवारी सकाळी दहा वाजता पोरीला राहत्या घराच्या मुख्य दारातून घेऊन जावं, आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाल्यास त्या दिवसाची भेट रद्द समजावी.

बाईंनी हा परिच्छेद चष्मा लावून वाचला आणि नाक मुरडलं. “काय ढिसाळ मसुदा केलाय,” त्या म्हणाल्या. “यातून बैलगाडी जाईल आरपार.”

पहिल्या शनिवारी पोर बापाबरोबर गेली. पोर म्हणजे पिंगी, वय वर्षं नऊ, पुढचे दोन दात पडलेले. लेक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला, शनिवारी सातलाच घर सोडायची. म्हणजे घरात उरल्या एकट्या बाई. त्यांनी ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. पिंगीच्या पेन्सिलींना टोकं काढली, त्या संपल्यावर लेकीच्या भुवयांच्या पेन्सिलीलाही काढलं. त्या दिवशीचा रोजनामा असा आहे: ‘दुपारी एक: काही नाही. दोन: काही नाही. तीन: वर्तमानपत्र दुसऱ्यांदा. चार: काही नाही.’ बाईंना करमत नव्हतं, सरळ सांगायचं तर घर खायला उठलं होतं. पण हे कबूल करायला माणूस कोर्टातला नसावा लागतो. त्यांनी स्वतःची समजूत अशी घातली, की पोर त्या माणसाकडे गेली की बिस्किटं खाऊन पोट बिघडवते. आणि पुढच्या काही शनिवारांनंतर त्या कामाला लागल्या.

सुरुवात तापानं झाली. बरोबर दहाला बेल वाजली, तेव्हा बाईंनी साखळी न काढता दाराच्या फटीतून थर्मामीटर बाहेर धरला. “एकशे एक आहे,” त्या म्हणाल्या. “अशा अवस्थेत पोरीला बाहेर काढलं तर उद्या तुम्हीच म्हणाल, आजीला अक्कल नाही.” जावयानं थर्मामीटर पाहिला, मान हलवली आणि खाली गेला. रोजनाम्यात त्या दिवशीची नोंद: ‘ताप १०१. (थर्मामीटर चहात.)’

मग एका शनिवारी मुख्य दाराला रंग लावला. हिरवा. आदेशात मुख्य दारातूनच न्यावं असं आहे, रंग ओला आहे, आणि मागच्या दारानं पोर दिली तर तो आदेशाचा भंग होईल, असं बाईंनी आतूनच मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढे एकदा दाताच्या डॉक्टरची दहाची वेळ घेतली, तीही आधीच पडून गेलेल्या दातासाठी. डॉक्टरांनी पिंगीचा जबडा उघडून बराच वेळ काय शोधायचं आहे याचा विचार केला.

पण बाईंचा खरा मास्टरपीस म्हणजे लिफ्टचा शनिवार. आदल्या दिवशी पिंगीचा पाय मुरगळला होता, निदान बाईंनी तसं जाहीर केलं होतं, आणि क्रेप बँडेजही गुंडाळलं होतं. तेव्हा चार मजले पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं. आणि लिफ्ट बंद होती. लिफ्ट बंद होती, कारण चौथ्या मजल्यावर तिच्या उघड्या दारात बाईंनी कोरफडीची कुंडी ठेवली होती. जावई तळमजल्यावर बटण दाबून दाबून थकला, मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. तो खालूनच म्हणाला, “थांबा, मी बघतो,” आणि हत्यारांची पेटी घेऊन जिन्यानं थेट गच्चीवरच्या यंत्रखोलीत गेला. तो चौथा मजला ओलांडेपर्यंत बाई कुंडी पाठीशी झाकून लिफ्टच्या दारात उभ्या राहिल्या, आणि तो वर जाताच त्यांनी ती आत घेतली. वीस मिनिटं तो वर खुडबुड करत होता. दहा वाजून बावीस मिनिटांनी हातभर ग्रीस माखून खाली आला आणि म्हणाला, “चालू झाली.” बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

“सात मिनिटं उशीर,” त्या म्हणाल्या. “परिच्छेद चार.”

त्यानं हत्यारांची पेटी उचलली. मग लिफ्टनंच खाली गेला. बाई खुदकन हसल्या आणि वही काढून खरं ते लिहिलं: ‘लिफ्ट बंद. कारण: दारात कुंडी.’

साक्षीदाराशिवाय नोंद म्हणजे बाईंच्या मते नुसती शाई. घरात साक्षीदार एकच. दर नोंदीखाली पिंगीची सही घेतली जाई, वेलांटीदार, जीभ दातांच्या खिंडारातून बाहेर काढून केलेली. पहिल्या सहीच्या वेळी बाईंनी तिला रीतसर समज दिली होती. साक्षीदारानं कोर्टाचं काम घरीदारी बोलायचं नसतं, आईपाशी नाही आणि बाबांपाशी तर नाहीच. त्याला काही म्हणायचं असेल तर त्यानं ते पानामागे लिहावं, सील करावं आणि ते फक्त न्यायाधीशांनीच फोडावं. कारकुनानं त्यात नाक खुपसायचं नाही. बाईंनी हे गमतीत सांगितलं आणि विसरून गेल्या. त्यानंतर वहीची पानं कडेनं चकचकीत चांदण्यांच्या स्टिकरांनी चिकटलेली दिसू लागली. बाईंना वाटलं, पोरीला स्टिकरांचं वेड लागलंय. त्या पुढच्या कोऱ्या पानावर नोंदी करत राहिल्या.

संध्याकाळी लेक कामावरून आली की विचारायची, “आला होता का तो?”

“सव्वादहापर्यंत पोरीला कुणी नेलं नाही,” बाई सांगायच्या. आला होता की नाही, हे त्यात येतच नव्हतं. लेकीचं तोंड पडायचं. बाई मग लगबगीनं चहा टाकायच्या.

अकरा शनिवार असे गेले. त्यातच जावयानं आधी पोटगी थांबवली. ‘पोर दिसत नाही तर पैसे कसले देऊ’ एवढंच त्यानं वकिलामार्फत कळवलं, आणि दोन महिने खरंच छदाम दिला नाही. मग त्यानं लेकीविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज टाकला. आदेश असून मुलगी देत नाही, तेव्हा आईला दिवाणी कैदेत पाठवा आणि ताबा मला द्या. लेकीनंही पोटगीसाठी त्याच्याविरुद्ध तसाच अर्ज टाकला. दोन्ही अर्ज एकाच दिवशी सुनावणीला लागले आणि बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्या पुन्हा मसुदा करायला बसल्या. लेकीचा वकील होता, पण नावापुरता, शाई बाईंची. उत्तरात त्यांनी लिहिलं: ‘माझ्या माहितीप्रमाणे सदर तारखांना ते आलेच नाहीत.’ माहिती कुणी दिली, हे उत्तरात लिहायची गरज नसते.

सही करताना लेकीचा हात थबकला.

“आई, मला खरंच आत टाकतील का गं?”

“वेडी आहेस का? त्यांच्याकडे पुरावा कुठाय?”

“पण तो आलाच नव्हता ना?” लेक म्हणाली. “मग पुराव्याचा प्रश्नच कुठे येतो?”

बाई गॅस बंद आहे का ते बघायला आत गेल्या. गॅस बंदच होता. तरी त्यांनी बटण पुन्हा फिरवून पाहिलं. आपली गंमत आता लेकीच्या सहीखाली गेली होती. पण माघार कशी घ्यायची हे त्यांना कोर्टानं कधी शिकवलंच नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी सगळे अकराला हजर. पिंगीला घरी कुणापाशी ठेवायचं, म्हणून तीही आलेली, बाहेरच्या बाकावर शिपायाच्या देखरेखीखाली पाय हलवत बसलेली. न्यायाधीश म्हणजे चाळिशीतल्या एक बाई. वकिली शिकत होत्या तेव्हा तारीखबाईंच्या टेबलाशी तासन् तास ताटकळलेल्या. खालच्या टेबलाशी नवा शिरस्तेदार होता, तिशीतला पोरगा. त्याचा रोजनामा बाईंनी येता येता उलटा वाचून पाहिला आणि दोन चुका काढल्या.

बाईंना साक्षीसाठी पुकारलं. त्या पिंजऱ्यात चढल्या आणि शिरस्तेदार पोरगा शपथ सांगू लागला. बाईंनी त्याला थांबवलं. “सावकाश. घाई केलीत तर साक्षीदाराला ती नुसती ओळ वाटते.” मग त्यांनी स्वतःच स्वतःला शपथ दिली, खणखणीत आवाजात, एकतीस वर्षं हजारो लोकांना दिली तशी. खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

जावयाची वकीलबाई नवखी होती. तिनं इकडचं तिकडचं विचारलं, बाईंनी तिला बोटावर नाचवलं. आजी म्हणून तुम्हाला जावयाचा राग आहे का? नाही, राग डॉक्टरनं वर्ज्य केलाय. मुलीला बापाला भेटायचं असतं का? ते मुलीला विचारा. लेकीच्या वकिलाची कळी खुलली. जावई मान खाली घालून नखांतलं ग्रीस काढत होता. त्याच्याकडे कागदाचा एक कपटाही नव्हता, आणि आणखी पाच मिनिटं अशीच गेली असती तर अर्ज फेटाळला जाऊन सगळे जेवायला गेले असते.

न्यायाधीशांना कंटाळा आला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, “बाई, सोळा तारखेच्या शनिवारी काय झालं होतं, एवढंच सांगा.”

‘आठवत नाही’ म्हणायचं होतं. दोन शब्द. वकिलानं तेच पढवलं होतं, आणि वकिलाला बाईंनी. पण वरून न्यायाधीशांचा आवाज आला, त्यात तारीख होती, आणि एकतीस वर्षं असं झालं की बाईंचा हात जिथे जायचा तिथेच गेला. पिशवी उघडली गेली, चष्मा नाकावर चढला, वही कठड्यावर आली.

“पाहून सांगते, साहेब,” तारीखबाई म्हणाल्या.

लेकीच्या वकिलानं कपाळावर हात मारला, तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला. बाईंनी सोळा तारीख काढलीसुद्धा होती. मग त्यांना समजलं. त्यांनी वही मिटली. पण न्यायाधीशांनी हात पुढे केला होता.

“काय आहे ते?”

“घरगुती आहे, साहेब. नळाच्या नोंदी.”

“रोजनामा आहे,” न्यायाधीश म्हणाल्या. “तुमचे रकाने मी ओळखते. द्या इकडे.”

शिरस्तेदार पोरग्यानं वही वर नेली. न्यायाधीशांनी सोळा तारीख मोठ्यानं वाचली: “‘लिफ्ट बंद. कारण: दारात कुंडी.’” मग पान उलटलं. “‘ताप एकशे एक. कंसात, थर्मामीटर चहात.’” मागे कुणीतरी फिसकन हसलं. “‘मुख्य दाराला रंग. गरज नव्हती.’ ‘दंतवैद्य. दात नाही.’” आता सगळं कोर्ट हसत होतं, शिपाई दारातून डोकावला, जावयाची वकीलबाईसुद्धा तोंडावर कागद धरून गदगदत होती. फक्त दोन माणसं हसत नव्हती. जावई वर बघत होता आणि त्याचा चेहरा गोंधळलेला होता. आणि लेक. लेक आईकडे बघत होती. बाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं, मग टाळणं जमेना.

“आला होता?” लेक जागेवरूनच म्हणाली. “दर वेळी आला होता?”

“ही पानं चिकटवलीत का?” न्यायाधीशांनी विचारलं.

“पोरीचे खेळ आहेत, साहेब.”

न्यायाधीशांनी नखानं एक चांदणी सोलली. पाठीमागची बाजू वाचली. आणखी एक सोलली. त्यांचा चेहरा बदलला आणि हळूहळू कोर्टातलं हसू ओसरलं.

“‘साक्षीदाराचं म्हणणं,’” त्यांनी वाचलं. “‘लिफ्ट मोडली नव्हती. बाबांनी तरी दुरुस्त केली. त्यांचे हात काळे झाले. ते खाली गेल्यावर गाडीत एक तास दहा मिनिटं बसले. मी खिडकीतून हात केला पण त्यांनी वर बघितलं नाही.’”

जावयानं हातांच्या मुठी वळून मांडीखाली घातल्या.

“‘साक्षीदाराचं म्हणणं. मला ताप नाही. पण आजीनं सही कर म्हटलं तेव्हा तिचे डोळे भरले होते म्हणून केली. मी गेले की आजी खुर्ची खिडकीशी नेते. मला फरशीवर खुणा दिसतात. मी न्यायाधीशांना सांगते की आजीला रागवू नका पण मला बाबांकडे जायचं आहे.’”

पुढची पानं न्यायाधीशांनी मनातच वाचली. अकरा चांदण्या त्यांच्या टेबलावर जमल्या. बाईंनी कठडा घट्ट धरला होता. आयुष्यात कित्येक साक्षीदार त्यांनी या कठड्याशी फुटताना पाहिले होते आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली होती. आता त्यांना शरम वाटली. लेकीची वाटली, त्या काळ्या हातांची वाटली, पण सगळ्यात जास्त त्या खुर्चीच्या खुणांची. आपण पोरीपासून लपवलं असं वाटत होतं, आणि पोर ते शनिवारमागून शनिवार लिहून ठेवत होती.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “माझ्या लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. ती सातला कामावर जाते. सगळं मी केलं.”

“दिसतंय,” न्यायाधीश म्हणाल्या, आणि आधी जावयाकडे वळल्या. “तुम्ही दोन महिने पोटगी दिली नाहीत.”

“पोर भेटत नव्हती, साहेब.”

“म्हणून तिनं दोन महिने जेवायचं नव्हतं का? भेट मिळेना तर इथे यायचं, तिच्या ताटातलं काढून घ्यायचं नाही. हाही अवमानच आहे. पंधरा दिवसांत सगळी थकबाकी भरा, नाहीतर दिवाणी कैदेचा हुकूम तुमच्यावर निघेल.” मग लेकीला म्हणाल्या, “उत्तरावर सही करताना दाराशी कोण आलं होतं, हे एकदा पोरीला विचारायचं होतं.” मग पुन्हा बाईंकडे. “आता तुम्ही. अवमानाच्या आरोपीला काय करता येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

बाईंनी पदर सावरला. हे त्यांना पाठ होतं. “मी सन्माननीय न्यायालयाची बिनशर्त माफी मागते, माझ्याकडून घडलेल्या कृत्याबद्दल मला तीव्र पश्चात्ताप होत असून भविष्यात...”

“हा मसुदा मी पंधरा वर्षांपूर्वी तुमच्याकडूनच उतरवून घेतला होता,” न्यायाधीश म्हणाल्या. “वकिली केली तोवर प्रत्येक अशिलाला तोच दिला. दुसरं काही असेल तर सांगा. आणि मला नको.” त्यांनी मानेनं जावयाकडे खूण केली.

बाई पिंजऱ्यात वळल्या. मसुदा नसताना बोलायची त्यांना सवय नव्हती.

“चुकलं माझं, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “शनिवारी मला एकटीला राहवत नाही. तसं सांगायचं सोडून मी तुमच्या वाटेत कुंड्या ठेवल्या. लिफ्ट ठणठणीत होती.”

जावई उभा राहिला. सगळ्यांना वाटलं आता हा माणूस भांडणार, एकदाचा आवाज चढवणार.

“ठणठणीत होती?” तो म्हणाला. “आई, मी त्या लिफ्टपायी तीन दिवस झोपलो नाही. सगळं उघडून बघितलं, दोष म्हणून सापडेना, आणि आपोआप चालू झाली. कंपनीची सगळी पुस्तकं चाळली. म्हटलं, आता आपल्याला साधा बिघाड ओळखता येत नाही, हा धंदा सोडावा.”

त्याच्या तोंडून ‘आई’ निघालं ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. बाईंच्या आलं. त्यांना रडू फुटलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आवरताना ठसका लागला. शिरस्तेदार पोरग्यानं पाण्याचा पेला पुढे केला.

न्यायाधीशांनी आदेश सांगितला. बुडालेल्या अकरा शनिवारांच्या बदल्यात बापाला अकरा रविवार जास्तीचे. ताबा आईकडेच. पोरीला दारात आणून बापाच्या हाती द्यायचं काम यापुढे तारीखबाईंनी स्वतः करायचं, आणि दारात कुंडी, रंग किंवा थर्मामीटर यांपैकी काही दिसता कामा नये. अवमानाबद्दल बाईंना कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे आज दिवसभर, पाच वाजता न्यायाधीश खुर्चीवरून उठेपर्यंत, इथल्या शेवटच्या बाकावर बसून राहायचं.

“जेवणाच्या सुट्टीत, साहेब?”

“सुट्टीतही.”

लेक जाता जाता बाकापाशी थांबली. डोळे लाल होते. “घरी गेल्यावर बोलू आपण,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून बाईंना कळलं की ते बोलणं लांबणार आहे आणि त्यात तारीख मागून चालणार नाही. लेक कामावर गेली. पोरीला संध्याकाळी जावईच सोडणार होता. तो खाली जाऊन थकलेल्या पोटगीचे कागद भरत होता.

बाई शेवटच्या बाकावर बसल्या. पुढची प्रकरणं सुरू झाली. नव्या शिरस्तेदारानं एकाला चुकीची तारीख दिली, तेव्हा त्यांनी अर्धवट उठून ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला आणि शिपायानं त्यांना खांदा दाबून खाली बसवलं. थोड्या वेळानं दार करकरलं आणि पिंगी आत आली. आवाज न करता येऊन आजीला चिकटून बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

“तुला तुरुंगात टाकलं?” तिनं कुजबुजत विचारलं.

“हाच तुरुंग. पाचपर्यंत.”

“माझं म्हणणं फोडलं?”

“सगळं. मोठ्यानं वाचलं.”

पिंगीनं क्षणभर विचार केला. “तू नाही ना वाचलंस आधी?”

“नाही गं. कारकुनानं वाचायचं नसतं.”

पोरीनं समाधानानं मान डोलावली. समोर कुणीतरी नवरा-बायको टेबलं-खुर्च्यांवरून भांडत होते. मग तिनं पुन्हा आजीच्या दंडाला कोपर लावलं.

“आजी, आता शनिवारी तू काय करणार?”

हा प्रश्न न्यायाधीशांनी विचारला नव्हता, वकीलबाईंनी विचारला नव्हता. ‘बघू’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण पोरीनं अकरा शनिवार खरं लिहिलं होतं आणि तिच्यापुढे आता ते जड गेलं.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “मला भीती वाटते, पिंगे. तू गेलीस की वाटतं, गेलीच.”

पिंगीनं तिच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. आजीला एवढं साधं ठाऊक नसावं याचंच तिला नवल वाटलं.

“अगं, पण साडेसहाला परत आणून सोडायचं असतं,” ती म्हणाली. “चौथ्याच परिच्छेदात आहे. शेवटची ओळ. तू वाचलं नाहीस?”

बाईंनी तो परिच्छेद शंभर वेळा वाचला होता, दहाच्या वेळेसाठी, दारासाठी, पंधरा मिनिटांसाठी. शेवटची ओळ त्यांना कुणाच्या विरुद्ध वापरता येत नव्हती, म्हणून त्यांनी ती सोडून दिली होती. त्यांनी पोरीचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, “पुन्हा एकदा म्हणून दाखव बघू.”